मामाच्या सुरीचं पोलाद

माणसाच्या इतिहासाचे दोनच भाग पडतात : पोलाद कळण्यापूर्वीचा आणि पोलाद कळल्यानंतरचा. राजे, लढाया, तहनामे ही सगळी मधल्या वेळात उरकलेली किरकोळ कामं.

हे वाक्य काशिराम घरत यांनी धाकट्या बहिणीच्या ओटीवर, भाच्याच्या लग्नाच्या बैठकीत, खुर्चीवरून उठून उच्चारलं. मग बहीण हौसा म्हणाली, "ते खरं हाय दादा, पन मटन किती सांगायचं ते बोल ना."

काशिरामांचा लोखंडाशी संबंध जुना होता. उरणच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्या सहीशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर पडत नसे. स्वतः त्यांनी खिळा कधी ठोकला नव्हता, हा भाग वेगळा. निवृत्त होऊन करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर त्यांच्या हाती दुपार आली आणि दुपारसोबत मोबाइल आला. मोबाइलमध्ये एक दाढीवाला परदेशी गृहस्थ होता. तो घरच्या घरी सुऱ्या बनवायचा. त्याचं इंग्रजी काशिरामांना निम्मं कळायचं, पण त्याच्या हातातलं लोखंड लाल झालं की काशिरामांना सगळंच कळल्यासारखं वाटायचं.

आणि नेमकं लग्न आलं होतं. आगऱ्यांच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या हातात हळदीपासून सुरी असते, टोकाला लिंबू टोचलेलं. हौसाच्या सासरी त्याला आणखी एक रीत जोडलेली. ती सुरी मामाने आणायची. मांडवाच्या दिवशी चार लोकांसमोर मुहूर्तमेढीत, म्हणजे उंबराच्या त्या पहिल्या खांबात, ती रोवायची, उपटायची, मग लिंबू टोचून भाच्याच्या हातात द्यायची. पूर्वीचे मामा लोहाराकडून सुरी घडवून घेत. अलीकडचे मामा पनवेलच्या बाजारातून आणतात आणि किमतीची चिकटपट्टी नखाने खरवडतात. ती थोडी उरतेच.

"मशीनची सुरी धरून माझा भाचा बोहल्यावर चढणार नाही," काशिराम म्हणाले. "मी स्वतः करणार. पोलाद निवडण्यापासून."

"मामा, ऑनलाइन मिळते," नवरा मुलगा मिथुन म्हणाला.

"ऑनलाइन मामा पण मिळेल. तो आण."

हौसाचा नवरा तुळशीराम मात्र खूश झाला. तुळशीरामची जमीन गेली होती आणि तिच्या बदल्यात डंपर आले होते. पांढऱ्या शर्टातला हा मोठ्या आवाजाचा माणूस कुठलीही गोष्ट आपल्या घरात पहिल्यांदा होते आहे म्हटलं की आणखी मोठा होत असे. "काशीभाऊ, करा तुमी. पोलाद आपल्या बळीरामकडना घ्या. घरचाच मानूस हाय."

बळीराम म्हणजे काशिरामांचा शाळेतला दोस्त. पळस्पे फाट्याकडे त्याचं गॅरेज. तुळशीरामचे सगळे डंपर त्याच्याकडे दुरुस्तीला जात आणि खरं सांगायचं तर त्या डंपरांवरच त्याच्या घरची चूल पेटत असे. बळीराम स्वभावाने बढाईखोर. गाडीचा आवाज फोनवर ऐकून रोग सांगतो, अशी त्याची स्वतःची ख्याती त्याने स्वतःच पसरवली होती. गॅरेजच्या शेजारी ग्रिलवाल्याचं दुकान. ग्रिलवाल्याच्या पट्ट्यांचे तुकडे बळीरामच्या अंगणात आणि बळीरामचे स्प्रिंगांचे तुकडे ग्रिलवाल्याच्या अंगणात, असा त्यांचा पिढीजात शेजार.

काशिराम तिथे गेले आणि त्यांनी पहिल्याच फटक्यात एक जुना, गंजलेला, भव्य कमानपाटा निवडला. ट्रकच्या चाकांवर कमानीसारखे वाकवलेले जे पोलादी पाटे असतात, त्यातला एक. त्यांना त्यात इतिहास दिसला.

"तो नको, काश्या," बळीराम म्हणाला. "तो गाडीखाली उड्या मारून मारून दमलाय. पोटात चीर गेलेली असंल तं तुला दिसाची नाय. भर मांडवात दोन तुकडे होतील. हा घे. नवा पाटा कापला तवाचा उरलेला तुकडा हाय, सरळ हाय, कुठल्या गाडीखाली गेला नाय. अनोळखी लोखंड आनि अनोळखी सोयरीक, दोनी घेऊ नये मानसानं."

"मला माहीत आहे," काशिराम म्हणाले. कारण दाढीवालाही हेच म्हणाला होता. त्यांनी तो काळा, नीरस तुकडा घेतला. बळीरामने हिरव्या ऑइलपेंटने त्याच्या एका टोकाला फुली मारली आणि म्हणाला, "माल आपला हाय, सांग सगल्यांना."

आता पुढची कृती काशिरामांना तोंडपाठ होती. ती त्यांनी बायकोला, शेजाऱ्यांना, लिफ्टमध्ये भेटलेल्या कुरिअरवाल्याला, सगळ्यांना सांगितली होती. पाट्याचं पोलाद मुळात कडक. करवत चालत नाही. म्हणून आधी ते लाल करायचं. इतकं, की लोहचुंबक चिकटायचं बंद होईल. मग राखेत पुरायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत विसरून जायचं. हळू गार झालेलं पोलाद मऊ पडतं. मग कापा, घासा, हवा तो आकार द्या. मऊ करायचं असलेल्या पोलादाला पाणी दाखवायचं नाही. हे शेवटचं वाक्य ते बोट वर करून सांगत.

सोसायटीच्या गच्चीत त्यांनी विटा मांडल्या. करवंटीचे कोळसे आणले. पनवेलच्या एका पाववाल्याच्या भट्टीतून गोणीभर राख आणली. वारा घालायला बायकोचा, शांतीबाईंचा, केस वाळवायचा ड्रायर घेतला. लोहचुंबक फ्रिजच्या दारावरचं होतं, प्लॅस्टिकच्या स्ट्रॉबेरीचं. ते पाट्याला लावून बघताना स्ट्रॉबेरीचा मुरंबा झाला. पण पाटा लाल झाला. खरोखरच झाला. संध्याकाळच्या उजेडात तो असा काही दिसत होता की काशिरामांना आपण उगाच स्टोअरमध्ये आयुष्य घालवलं असं वाटलं.

त्यांनी पाट्याचं हिरव्या फुलीचं, विस्तवाबाहेर राहिलेलं टोक पकडीत धरलं, दुसऱ्या हाताने मोबाइल धरला आणि नातेवाइकांच्या ग्रुपसाठी व्हिडिओ सुरू केला. "हे पाहा. बळीरामच्या गॅरेजचं पोलाद. आता हे आपण राखेत..."

आणि इथे त्यांच्या लक्षात आलं की राखेत पुरताना आवाज होत नाही.

दाढीवाल्याच्या व्हिडिओत शेवटी नेहमी छर्र असा आवाज यायचा. धूर व्हायचा. तो सुरी तयार झाल्यावरचा, तेलातला, वेगळ्याच कामाचा प्रसंग असायचा, हे काशिरामांना पक्कं ठाऊक होतं. पण मोबाइल चालू होता, नातेवाईक बघणार होते, आणि पाण्याची बादली सोसायटीच्या सेक्रेटरीने आग लागेल या भीतीने शेजारीच आणून ठेवली होती. काशिरामांनी पाटा बादलीत बुडवला.

आवाज फार चांगला आला.

ग्रुपवर अंगठे पडले, हात जोडले गेले, उरणच्या मावशीने चुकून श्रद्धांजलीचं फूल टाकलं. बळीरामने लिहिलं : आपल्या गॅरेजचा माल, नाद करायचा नाय.

दुसऱ्या दिवशी काशिराम करवत घेऊन बसले. पाटा आता काचेसारखा झाला होता. करवत त्यावरून अशी सरकत होती, जशी सरकारी कागदावरून सामान्य माणसाची नजर. पाती बोथट होत गेली, मोडत गेली. पाट्यावर चार पांढरे ओरखडे उमटले. उपाय होता, तोही त्यांना पाठ होता : पुन्हा लाल करा, या वेळी मुकाट्याने राखेत पुरा. पण सेक्रेटरीने गच्चीला कुलूप लावलं होतं. ते उघडायचं तर सेक्रेटरीला सांगावं लागलं असतं की काल आपण चुकलो. काशिरामांनी विचार केला आणि बाल्कनीत नजर टाकली. तिथे, ग्रिल बसवलं तेव्हा उरलेली एक लोखंडी पट्टी उभी होती.

साधं ग्रिलचं लोखंड. त्याची सुरी होत नाही. म्हणजे आकार होतो, पण कितीही तापवा, कशातही बुडवा, कडकपणा त्यात येत नाही. हेही ते लिफ्टमध्ये सांगून चुकले होते.

पट्टी लोण्यासारखी कापली गेली. काशिरामांनी मन लावून ती घासली. टोक निमुळतं केलं, पातं पातळ केलं, पॉलिश पेपर फिरवून फिरवून ती आरशासारखी केली. जुन्या खुर्चीच्या हाताची मूठ बसवली. सुरी इतकी देखणी झाली की तिच्याकडे बघून त्यांना स्वतःच्या चारित्र्याबद्दल पुन्हा विश्वास वाटू लागला. शेवटी लिंबू तर टोचायचं आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. खांबात टोक जरासं टेकवायचं. कोण जोर लावायला सांगतंय?

फोटो ग्रुपवर गेला. बळीरामने विचारलं : आपलाच पाटा ना? काशिरामांनी अंगठा पाठवला.

खोटं बोलायला त्यांना तोंड उघडावंच लागलं नाही.

खरा पाटा त्यांनी वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली सरकवला. मशीन पूर्वी कपडे पिळताना घरभर चालत जायचं. आता थांबलं. शांतीबाईंनी ते बघितलं, पाट्यावरची हिरवी फुली बघितली, नवऱ्याच्या हातातली चकचकीत सुरी बघितली आणि भाजी फोडणीला टाकली. चाळीस वर्षांच्या संसारात काही प्रश्न बायका योग्य वेळेसाठी राखून ठेवतात.

मांडवाचा दिवस उजाडला तो घामानेच. हौसाच्या दारात मंडप उभा. धवलारीण कमळाबाई हातात तांदूळ घेऊन बसलेल्या. आगऱ्यांच्या लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी ही बाई म्हणजे भटजींच्याही वरचं कोर्ट. ती म्हणेल ते होणार. बळीराम इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसला होता आणि दोन्ही बाजूच्या माणसांना सांगत होता, "पाटा आपला हाय. मी निवडून दिला."

काशिराम पुढे झाले. सुरी उन्हात लखलखली. बायकांमध्ये "बय्या!" असा आवाज झाला. काशिरामांनी सुरीचं टोक उंबराच्या सालीवर अलगद टेकवलं आणि वळले.

"गुदगुल्या करतोस का खांबाला?" कमळाबाई म्हणाल्या. "रोव की मामा! हात नाय का?"

लोक हसले. काशिरामांनी थोडा जोर लावला.

"अजून!"

काशिरामांनी अजून जोर लावला. सुरी वाकली. मोडली असती तर निदान काही आब राहिला असता. ती मोडली नाही, तिने आवाज केला नाही. ती फक्त हळूच, संकोचाने, टोकापासून मुठीपर्यंत वळत गेली.

कमळाबाईंनी मान तिरकी करून बघितलं. "अरं, ही सुरी हाय का कोलबी?"

हशा फुटला. हशा चालला असता. हशाने माणूस मरत नाही. पण तुळशीराम हसला नाही. त्याच्या घरात पहिल्यांदा होणारी गोष्ट अशी झाली होती, आणि सोयरे बघत होते. त्याचं तोंड लाल झालं आणि तो वळला तो सरळ पहिल्या रांगेकडे.

"बळीराम! हे पोलाद दिलंस तू? माज्या मेव्हन्यानं येवढी मेहनत केली, आनि तू भंगार दिलंस?"

माणसाच्या आयुष्यात असे काही क्षण येतात, जेव्हा त्याने बोलायचं असतं. काशिरामांना तो क्षण स्पष्ट दिसला. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

बळीराम उठला. त्याने ती वाकडी सुरी हातात घेतली, बोटाने वाकवून बघितली. ती आणखी वाकली. त्याच्या चेहऱ्यावरची फुशारकी कोणीतरी फडक्याने पुसावी तशी गेली. "ग्रिलचं लोखंड हाय हे," तो म्हणाला. "माज्या अंगनातच सरमिसळ झाली असंल. मी... मना वाटलं मी बगून दिला."

"वाटलं?" तुळशीराम म्हणाला. "उद्या ब्रेकला पन असंच वाटंल तुला? त्या ब्रेकवर माज्या ड्रायव्हरांचा जीव असतो! सोमवारपासून माजी एक गाडी तुज्या दारात येनार नाय."

बळीरामने मान हलवली. फोनवर आवाज ऐकून रोग सांगणाऱ्या माणसाने ती वाकडी सुरी हळूच खांबापाशी ठेवली.

आचाऱ्याकडून नारिंगी मुठीची कांदे चिरायची सुरी आली. ती खांबात सपकन रुतली. लिंबू टोचलं गेलं, मिथुनच्या हातात दिलं गेलं, कमळाबाईंचं गाणं पुढे चाललं. रीत म्हणून काहीच बिघडलं नाही. काशिराम चष्मा पुसतच होते.

पाण्याच्या पिंपाजवळ बळीरामने त्यांना गाठलं. त्याचे डोळे ओले होते, आणि ओल्या डोळ्यांचा बळीराम काशिरामांनी शाळेपासून बघितला नव्हता.

"काश्या, मी गाढव हाय. तुजी शोभा झाली माज्यापायी. भाच्याच्या मांडवात. मना माफ कर."

काशिरामांनी तोंड उघडलं. आतून खरं येत होतं. पण बाजूला उरणचे सोयरे ग्लास घेऊन उभे होते, मावशी होती, फोटोवाला होता.

"जाऊ दे रे," काशिराम म्हणाले. "होतं असं."

म्हणजे त्यांनी त्याला माफ केलं. बळीरामने त्यांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले आणि मंडपाच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

काशिरामांना लाज वाटली. ती आधी कानांना वाटली, मग मानेला, मग पोटात उतरली. लाज ही मोठी पचनाविरुद्ध वस्तू आहे. समोरून बुंदीचं ताट गेलं तरी हात पुढे झाला नाही. शांतीबाई शेजारी येऊन बसल्या. जरीच्या पदराने वारा घेत त्या समोर बघत म्हणाल्या, "अहो, एक विचारू? मग आपलं वॉशिंग मशीन कशावर उभं आहे?"

राखून ठेवलेला प्रश्न योग्य वेळी आला होता.

"शांती, मी सांगणारच होतो."

"कधी? मिथुनला पोरगं झाल्यावर, बारशाला?"

काशिराम उठले. आधी हौसाकडे गेले. हौसाच्या एका हातात हळदीचं ताट, एका हातात कोणाचं तरी रडतं पोर. "हौसा, ते पोलाद बळीरामचं नव्हतं. माझंच..."

"दादा, तू मनाला लावून घेऊ नको रं. पंगती बसवायच्या हायत."

मग तुळशीराम. काशिरामांनी त्याला मंडपाच्या कोपऱ्यात ओढलं. आता त्यांचं पुस्तकी मराठी गळून पडलं होतं. गावातलं बोलणं आपोआप तोंडात आलं. "दाजी, बळीरामचा दोष नाय. त्यानं बरोबर पाटा दिला होता. मीच बदलला. घरातली पट्टी घासली."

तुळशीराम त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या लाल चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी मऊ उमटलं. मग त्याने काशिरामांना छातीशी धरलं.

"काशीभाऊ, मानलं तुमाला! दोस्तासाटी येवढं? स्वतावर घेताय?"

"अहो, खरंच मी—"

"बोलू नका. मना कलतंय सगलं. आमच्या हौसाचा भाऊ तुमी, असंच बोलनार." आणि तो मागे वळून, ज्या आवाजात तो डंपर रिव्हर्स घ्यायला सांगत असे त्या आवाजात, सगळ्या मंडपाला म्हणाला, "ऐकलं का रं? काशीभाऊ बोलतान, चूक माजी! त्या मानसाला वाचवायला! मामा असावा तं असा!"

टाळ्या पडल्या. उरणच्या मावशीने डोळ्यांना पदर लावला. फोटोवाल्याने काशिरामांचा एकट्याचा फोटो काढला. शेवटच्या खुर्चीवरून बळीरामने हे ऐकलं आणि तोही टाळ्या वाजवू लागला, मान खाली घालून, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

चोरी केल्यावर पकडले गेलेले लोक दुर्दैवी असतात असं म्हणतात. काशिरामांना त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला.

ते मंडपातून बाहेर पडले, रिक्षा पकडली, करंजाड्याला गेले. घरात शिरून त्यांनी वॉशिंग मशीन खांद्याने उचलून धरलं आणि पायाने पाटा बाहेर ओढला. मशीन त्यांच्या अंगठ्यावर बसलं. ही शिक्षा पुरे समजावी का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण रिक्षा खाली थांबलेली होती. पाटा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला आणि लंगडत खाली उतरले.

परतले तेव्हा पंगत बसली होती. मंडपात उकाडा असा की वरणाला आणखी उकळी फुटावी. ओळीच्या टोकाला, एका उभ्या पंख्यासमोर, बळीराम मान खाली घालून जेवत होता. त्याला तिथे जागा मिळाली होती कारण त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. तुळशीराम वाढणाऱ्यांवर ओरडत होता.

काशिरामांनी वर्तमानपत्र सोडलं आणि पाटा बळीरामच्या पत्रावळीसमोर जमिनीवर ठेवला. दणका असा झाला की आठ-दहा घास थांबले.

"हा तुझा पाटा," काशिराम म्हणाले. "ही तुझी फुली."

बळीरामने बोट चाटून पुसलं. हिरव्या फुलीवरून फिरवलं. तुळशीराम जवळ आला. हौसा आली. कमळाबाई तोंडातला घास तसाच ठेवून बघू लागल्या.

"म्हणजे?" तुळशीराम म्हणाला.

"म्हणजे मी मोठ्या मनाचा नाय, दाजी. मी सकाळपासून खोटा हाय. ह्यानं मना चांगलं पोलाद दिलं. मी ते बिघडवलं. मंग लपवलं. ग्रिलची पट्टी घासून सुरी केली आनि ह्याचा पाटा म्हनून सांगितलं. तुमी ह्याला बोललात तवा मी चष्मा पुसत होतो. ह्यानं माजी माफी मागितली तं मी त्याला माफ पन केलं."



बळीराम पाट्यावरचे चार पांढरे ओरखडे बघत होता. नखाने त्याने एकाला खरवडलं. नख घसरलं. "ह्याला पानी दाखवलंस तू. व्हिडिओत मना वाटलं, सुरी करून झाली."

"हो."

"तू तं सगल्यांना सांगत होतास, पानी दाखवायचं नाय."

"हो."

"मंग कशाला बुडवलास?"

काशिरामांनी आजूबाजूला बघितलं. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मिथुनसुद्धा हातातलं लिंबू सावरत येऊन उभा राहिला होता. निसटायला जागा नव्हती आणि आता निसटायची इच्छाही नव्हती.

"आवाजासाटी," काशिराम म्हणाले. "व्हिडिओत आवाज चांगला येतो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हौसाने तोंडावर हात ठेवला. उरणच्या मावशीने मघाशी डोळ्यांना लावलेला पदर झटकला, जणू अश्रू परत मागत होती. शांतीबाई लांब उभ्या होत्या. त्यांनी फक्त एकदा मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात काशिरामांना सकाळपासूनचा पहिला दिलासा मिळाला.

तुळशीरामची अवस्था सगळ्यात वाईट होती. सकाळी तो ज्या आवाजात ओरडला होता, त्याच आवाजात माफी मागणं त्याला जन्मात जमणार नव्हतं आणि लहान आवाज त्याच्याकडे नव्हता. त्याने घसा खाकरला, वाढणाऱ्या माणसाच्या हातातली बादली घेतली आणि बळीरामच्या पानात स्वतः मटण वाढलं. एकदा वाढलं, दोनदा वाढलं. पत्रावळीच्या कडेला रस्सा आला तरी वाढत राहिला.

"सोमवारी," तो बादलीकडे बघत म्हणाला, "दोन गाड्या येतील तुज्याकडं. ब्रेक बग."

"तीन पाठवा," बळीराम म्हणाला. "तिसरीचा क्लच गेलाय. फोनवर ऐकला मी."

"पाठवतो."

तुळशीराम पुढच्या पानाकडे सरकला. पण कोणी जेवेना. सगळे काशिरामांकडे बघत होते. काशिराम हात जोडून बळीरामसमोर उभे होते. सुजलेला अंगठा चपलेच्या बाहेर, कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरलेला. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही. त्यांना शिव्या हव्या होत्या. मोठ्या, गावातल्या, बापजाद्यांच्या नावाच्या, सगळ्यांसमोर. त्या मिळाल्या असत्या तर ते आनंदाने घरी घेऊन गेले असते.

बळीरामने भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. मग पाणी प्यायला. मग मान वर करून तो मित्राकडे बघत राहिला, इतका वेळ की पंगतीतल्या कोणाचं तरी पोर मधेच म्हणालं, "आई, ते मारनार हायत का?"

बळीरामने तोंड पुसलं.

"काश्या," तो म्हणाला, "जरा बाजूला सर ना. पंखा आडलाय."